कालव्याच्या काठानं रचलेली झडती

जीप सुटायच्या बेतात होती तेव्हा बा खिडकीपाशी आला. आत दाटीवाटीनं बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शिकजो मन लावून. अन् पुढच्या पोळ्याच्या आधी एक पाठवजो."

माझ्या शेजारी दारव्ह्याच्या बाजाराला निघालेली एक बाई होती. मांडीवर कोंबडी घेऊन बसलेली. तिनं विचारलं, "काय पाठवाचं हाय वं बापाले? फोटो?"

"झडती," मी म्हणाले.

ती एवढ्यानं हसली की कोंबडीनं मान बाहेर काढली. "पोरीची जात अन् झडती! बाप्पा!"

मग जीप हलली. याडी, म्हणजे माझी आई, फाट्यावरच्या लिंबाखाली उभी होती. पिशवीत तिनं तिळाची चटणी, ज्वारीचं पीठ आणि कशासाठी कोण जाणे, एक नवीकोरी केरसुणी भरली होती. पुण्यात केरसुण्या मिळत नसतील असं तिला वाटलं असावं. बा मात्र जीपच्या बरोबर थोडा चालत आला. शेतात डवऱ्यामागे चालतो तसाच, घाई न करता. जीपनं वेग घेतला आणि तो मागे राहिला. मला अजून कधी कधी वाटतं की तो तसाच चालतो आहे, जीप थोडी पुढे आहे, एवढंच.

मला हे नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. मी काही लेखिका नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठली गोष्ट कशी करतात हे विचारायला घरात कोणी नव्हतं. तसंच लिहिण्याचंही. पण तांड्यावरच्या माझ्या माणसांना, आणि तांड्यावरून, गावावरून निघून शहरांत भाड्याच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्यांना एक सांगायचं आहे, म्हणून बसले आहे.

तांड्यावर झडती म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. पुण्यात सांगावं लागतं. पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी आमचे आणि गावातले बैल सजून एकाच तोरणाखाली उभे राहतात. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला तांडा. तोरण तुटायच्या आधी एकेका बाजूचा माणूस हात वर करून यमकातल्या ओळी खड्या आवाजात म्हणतो. समोरच्याला टोमणे, सरकारला टोमणे, पांदणीतल्या, म्हणजे शेतवाटेतल्या चिखलाला टोमणे. शेवटच्या ओळीवर सगळी गर्दी "हर हर महादेव" म्हणून उसळते. ती झडती. मग समोरचा उत्तर देतो. रागवायचं नसतं, आणि आठवडाभर विसरायचंही नसतं.

तांड्याकडून बा म्हणतो. गावाकडून गुलाबकाका. दोघं एरवी एकमेकांचे मित्र, पेरणीला एकमेकांची जोडी मागून नेणारे. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे आमची बंजाऱ्यांची भाषा बोलतो, पण चारचौघांत बाचं बोलणं वऱ्हाडी आणि झडती तर वऱ्हाडीच, म्हणून इथे त्याचे शब्द तसेच लिहिते.

बाचा एक नियम आहे. मागच्या वर्षीची झडती तोरणाखाली न्यायची नाही. "बैलाले रोज ताजा चारा लागते," तो म्हणतो, "अन् वर्षातून एक डाव त्याच्यापुढं उभं राहाचं, तर शिळे बोल घेऊन कायले जाचं?" ज्या वर्षी नवी झाली नाही त्या वर्षी गप्प उभं राहायचं. माझ्या आजोबांनी एका वर्षी तसं केलं होतं म्हणतात. तांड्यात अजून त्याची आठवण काढतात.

मी शाळेत असल्यापासून आम्ही दोघं मिळून झडती रचायचो. मुली तोरणाखाली जात नाहीत, आम्ही बायका शाळेच्या ओट्यावरून बघतो. मला तिथे जाऊन म्हणावंसं कधी वाटलंही नाही. मला आवडायचं ते आपल्या मनातलं बाच्या तोंडून ऐकणं. ओट्यावर उभ्या कुणालाच ठाऊक नसायचं की ती ओळ माझी आहे. फक्त याडीला. ती माझ्या पाठीवर हळूच हात ठेवायची.

आणि रचायची जागा एकच, वावर. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याला लागली की बा डवरा धरायचा. डवरा म्हणजे दोन ओळींमधलं तण काढणारं, बैलांनी ओढायचं अवजार. मी बैलांच्या पुढे चालायची. चांद्या आणि मोऱ्या माझ्या मानेवर श्वास सोडत मागून यायचे. या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून निघताना बा एक ओळ सांगायचा. त्या धुऱ्यापर्यंत पोचेपर्यंत मी तिला जोडीची ओळ शोधायची. धुऱ्यावर बैल वळायचे. वळताना आम्ही दोघं गप्प. मग परत निघताना बा म्हणायचा, "हं, म्हण पहिल्यापासून."

लिहून काही ठेवायचं नाही. जी ओळ परतीच्या वाटेवर आठवली नाही, ती गेली. मी हळहळायची, चांगली होती म्हणायची. बा म्हणायचा, "चांगली असती तं राह्यली असती." मला तेव्हा हा अन्याय वाटायचा. तरी उन्हात ते चालणं, मातीचा ओला वास, मागून बैलांच्या घंट्या आणि डोक्यात अर्धी ओळ, याच्यापेक्षा चांगलं मला आयुष्यात अजून काही मिळालेलं नाही. काम चालू असायचं आणि आम्ही काम करत नसायचो.

पुण्यात आले त्या पहिल्या वर्षीची झडती मी निघण्याआधीच वावरात झाली होती, त्यामुळे ते साल निभावलं. गुलाबकाकाचा नवा ट्रॅक्टर आमच्या पांदणीत रुतला होता, त्यावर होती.

"गावाले रस्ता डांबराचा, तांड्याले चिखलाचा,
गुलाबरावाचा ट्रॅक्टर भाऊ, नवाकोरा शौकाचा;
फसला आमच्या पांदणीत, चाक फिरे गरगर,
ओढून काढला कोणं त्याले? बोला पाहू भरभर!"

वहिनीनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला होता. आणि त्यातच गुलाबकाकाचं उत्तरही होतं. मिशीला पीळ देत, एकेक शब्द चघळत:

"तांड्याची पोरगी शिकाले गेली पुण्याले,
बाप सांगत फिरते, साहेब होईन, जनाले;
पाहून घ्या रे बाप्पा हो, येईन जवा घरा,
बैलाले म्हणन एक्सक्यूज मी, जरा बाजूले सरा!"

गर्दी लोळली. बासुद्धा हसत होता. खोलीत एकटीनं तो व्हिडिओ बघताना मीही हसले, आणि मग बराच वेळ मोबाईल हातात धरून बसले.

पुणं वाईट नाही. हे मला मनापासून सांगायचं आहे, कारण गावी सगळ्यांना वाटतं की मी इथे दुःखात आहे. इथे सकाळी कॉलेज असतं, दुपारनंतर मी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. "बसा, डॉक्टर पाच मिनिटांत घेतील," हे वाक्य मी झोपेतही बोलते, असं माझी रूममेट रोशनी सांगते. रोशनी आमच्याच यवतमाळकडची, मुकुटबनची. तिच्यामुळे या खोलीत आमची भाषा जिवंत आहे. खोलीवर आल्यावर पोळ्या, मग प्रॅक्टिकलची जर्नल, मग झोप. अटेंडन्स, असाइनमेंट, शिफ्ट, मेसेज. प्रत्येक गोष्टीला इथे ठरलेली वेळ आहे आणि त्या वेळांच्या मध्ये भेगच नाही. मी शोधली. रविवारी एक तास झडतीसाठी, असं मोबाईलमध्ये रिमाइंडरसुद्धा लावलं होतं. रविवारी तो वाजायचा. मी तो बंद करून कपडे धुवायला जायची.

तरी दुसऱ्या वर्षी मी एक झडती केली. बसून केली. मोबाईलमध्ये लिहिली, पुसली, परत लिहिली. वाचायला ती फार छान दिसत होती. चांगले, नेमके शब्द होते. कॉलेजच्या मासिकात शोभली असती. मी ती वहिनीच्या फोनवर पाठवली आणि तिनं बाला वाचून दाखवली.

व्हिडिओ आला. तोरणाखाली बा उभा, नवा फेटा, हात वर. पहिल्या दोन ओळी त्यानं म्हटल्या. तिसरीच्या मध्येच त्याचा श्वास संपला. त्यानं वर तोरणाकडे पाहिलं. आंब्याची पानं वाऱ्यानं हलत होती. समोर गुलाबकाका हात अर्धवट वर करून थांबला होता, आणि अख्खी गर्दी थांबली होती, कारण "हर हर महादेव" कुठे म्हणायचं हे कुणालाच कळेना. मग बा म्हणाला, "बाकीची पोरीच्या पोटातच राह्यली राजेहो!" लोक हसले. कुणीतरी आपणहून "हर हर महादेव" म्हटलं आणि वेळ निघून गेली.

रात्री त्याचा फोन आला. "चांगली होती," तो म्हणाला. "माह्याच तोंडात बसली नाही."

त्यानंतर मी रचणं सोडलं. सोडलं असं ठरवून नाही, सुटलं. कुणी विचारलं तर वेळ नाही म्हणायची, आणि ते खरंही होतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं असंच झालं असेल. रोशनी मुकुटबनला असताना कोळशानं भिंतीवर मोर काढायची, अंगणभर. इथल्या भिंती मालकाच्या आहेत. ती मोरांबद्दल बोलत नाही, मी झडतीबद्दल बोलत नव्हते, आणि आमचं छान चाललं होतं.

यंदा पोळा जवळ आला तेव्हा बाचा फोन आला. पाऊसपाणी, चांद्याचा दुखरा खूर, याडीची कंबर. मग म्हणाला, "तुह्या परीक्षा हायेत म्हणे. यंदा नसन वेळ तर राहू दे. मी उभा राहीन नुसता."

नुसता. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी होते. आजोबांची गोष्ट मला लहानपणापासून पाठ आहे. बैल सजलेले, समोरून झडती आलेली, आणि आपल्या बाजूचा माणूस गप्प. बा ते करेल, हे मला माहीत होतं. जुनी म्हणणार नाही, दुसऱ्याची म्हणणार नाही. हसतमुखानं नुसता उभा राहील, आणि घरी येऊन बैलांना पुरणपोळी खाऊ घालेल, आणि मला म्हणेल, चांगला झाला पोळा.

पुढचे काही दिवस मी रोज जर्नलच्या मागच्या पानावर ओळी लिहून पाहिल्या. सगळ्या मेलेल्या.

मग एक साधी गोष्ट झाली. कॉलेजसमोरचा रस्ता खोदला आणि माझी बस बंद झाली. दवाखान्याला चालत जावं लागायचं, कालव्याच्या काठानं. मी वैतागले होते. पाठीवर बॅग, मोबाईल बॅगेत, कारण पावसाची भुरभुर होती. कालव्यावर दोन पूल आहेत, एक कॉलेजकडचा, एक दवाखान्याकडचा. मधली वाट मातीची आणि सरळ. एका बाजूला गढूळ पाणी संथ चाललेलं, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढं गवत. मी मान खाली घालून चालत होते, आणि मला मानेवर ऊबदार श्वास जाणवला.

मागे कोणी नव्हतं. पण पावलं आपोआप हळू झाली होती. आणि डोक्यात बाचा आवाज एक ओळ ठेवून गेला होता: गुलाबराव म्हणत होता, पोरगी इसरन घर.

दुसऱ्या पुलापर्यंत मला जोडीची ओळ सापडली. दवाखान्यात शिरताना मी ती लिहायला मोबाईल काढला, आणि परत ठेवला. राहायची असेल तर राहील. शिफ्टभर लोकांना बसा म्हणत राहिले. निघताना ती होती. दुसरी एक, जी मला जास्त आवडली होती, ती गेली होती. मी हळहळले नाही.

त्या दिवसापासून तो काठ माझा झाला. वेळ काढला असं मी म्हणणार नाही, कारण मी काहीच काढलं नाही. तेवढंच चालायचं होतं, ते चालत होते. पूल आला की वळायचं आणि वळताना गप्प राहायचं. कधी काही सुचायचं नाही, नुसतं पाणी बघत जायची. कधी गवतातून वाऱ्याची लाट जायची आणि ते गवत नसायचं, पऱ्हाटी असायची, आणि लांबच्या हॉर्नांत घंट्या मिसळायच्या.

रोशनीनं एकदा पोळ्या लाटताना पकडलं. "कोनाशी बोलून राह्यली वं तू? काहून ओठ हालून राह्यले?"

सांगितलं. ती म्हणाली, "मंग एकटी कायले म्हणतं? समोर कोणी पाहिजे ना. तू तांडा हो, मी गाव." आणि लाटणं वर करून, क्षणभरही न थांबता:

"पुण्याले आली तांडेवाली, झाली लय हेल्दी,
भाजीत तेल टाकत नाही, भूक लागते जल्दी!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की तव्यावरची पोळी जळली. मग तिनं जळलेली पोळी उचलून तिचा काळा भाग निरखून पाहिला आणि म्हणाली, "मोर दिसते का नाही?" दिसत होता. मान वळवलेला.

ओळी जमत होत्या, पण आधीच्या वर्षीचा तो थांबलेला श्वास मी विसरले नव्हते. ओळ माझ्या पावलांत बसली, बाच्या बसेल कशावरून? म्हणून एक दिवस चालताना मीच फोन केला.

"कुठं हाय बा?"

"डवरून राह्यलो. शेवटची पाळी हाय पोळ्याच्या आधीची. काहून वं?"

"फोन खिशात ठेव. बंद नको करू. मी सांगते तशी म्हण."

सदऱ्याच्या खिशात फोन जाताना झालेली खरखर ऐकू आली, मग घंट्या. खऱ्या. मी कालव्याच्या या पुलावरून निघाले, तो तिकडे धुऱ्यावरून. मी ओळ म्हटली. त्यानं चालता चालता ती परत म्हटली, एकदा, दोनदा, एक शब्द बदलून. टेकाडाकडच्या धुऱ्याला आमच्याकडे रेंज जाते. तो तिथे पोचला की फोनमध्ये शांतता पसरायची. मी काठावर उभी राहून पाणी बघायची. तिकडे बैल वळत असतील, बा गप्प असेल. मग हळूहळू घंट्या परत यायच्या आणि त्यांच्यातून त्याचा आवाज, जेवढं त्याच्याजवळ उरलं होतं तेवढं घेऊन.

"एक पडली वं मधली," तो म्हणाला.

"पडू दे."

"पडू देतो," तो म्हणाला, आणि हसला. कितीतरी दिवसांनी तसा हसला. मागून याडी निंदता निंदता ओरडली की बापलेकीला कामधंदा नाही. बा म्हणाला, "कामच करून राह्यलो ना!"

आठवडाभर आम्ही असं वावर डवरलं. त्याच्या पायाखाली काळी माती, माझ्या पायाखाली पुण्याची.

पोळ्याला मला सुट्टी मिळाली नाही. संध्याकाळी मी रिसेप्शनवर होते. वहिनीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा दोन पेशंट बसले होते. मी आवाज अगदी बारीक करून मोबाईल रजिस्टरच्या आड उभा केला. तोरण. चांद्या-मोऱ्याच्या शिंगांना गेरू, पाठीवर याडीनं आरसे लावून शिवलेली झूल. गुलाबकाकाची झडती झाली, मग बा पुढे आला. हात वर केला.

"गुलाबराव म्हणत होता, पोरगी इसरन घर,
बैलाले म्हणन इंग्रजीत, बाजूले जरा सर;
पोरगी हाय पुण्याले, अन् बैल हाय दारी,
मोबाईल ठेवून खिशात आम्ही डवरली वावरं सारी;
पुण्याहून हाकते पोरगी, बैल चालते खुशी,
सांग बरं गुलाबराव, तुह्याकडं हाय का अशी?"

एका दमात. कुठे थांबायचं ते त्याच्या पायांना माहीत होतं. "हर हर महादेव" असा उसळला की इतक्या बारीक आवाजातही समोर बसलेल्या पेशंट आजोबांनी गालावरची बर्फाची पिशवी बाजूला करून माझ्याकडे पाहिलं.

आता उत्तर गुलाबकाकाचं. तो मिशीला पीळ देत उभा राहिला. त्याची मुलगी नागपूरला नोकरी करते, आमच्याच शाळेतली. त्यानं हात वर केला, तोंड उघडलं, आणि मग हात खाली घेऊन, यमक नाही, काही नाही, साध्या आवाजात म्हणाला, "हाय ना रे बाप्पा. पण माही फोनच उचलत नाही."

गर्दी हसली, मग एकदम हसायची थांबली. बा तोरण ओलांडून गावाच्या बाजूला गेला आणि त्यानं गुलाबकाकाच्या खांद्यावर हात टाकला. तेवढ्यात कुणाच्या तरी बैलानं शिंगानं तोरण तोडलं आणि सगळं पळापळीत गेलं.

नागपूरच्या त्या ताईला हे वाचायला मिळालं तर बरं होईल.

रात्री बाचा फोन आला. तो आधी बैलांचं बोलला, मग पुरणपोळ्यांचं. मग म्हणाला, "नुसता नाही उभा राह्यलो वं यंदा."

आमचे पूर्वज लदेणीवर जायचे. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलखामुलखांतून चालायचे. बा सांगतो, त्यांना कुणी विचारलं की घर कुठलं, तर ते बैलांकडे बोट दाखवायचे. लहानपणी मला ते गरिबीचं उत्तर वाटायचं. परवा दवाखान्यात त्या गालफुग्या आजोबांनी विचारलं, "पोरी, घर कुठलं तुझं?" एरवी मी यवतमाळ म्हणते, कोणी ओळखीचं निघालं तर दारव्हा. त्या दिवशी दोन्ही म्हणायच्या आधी माझी नजर खिडकीबाहेर गेली. तिथून कालवा दिसतो. काठाची मातीची वाट, दोन पुलांच्या मधली, आणि तिच्यावर संध्याकाळचं ऊन.

मी म्हणाले, "बसा आजोबा, डॉक्टर पाच मिनिटांत घेतील." ते बसले. मग मी त्यांना सांगायला लागले.